चोपन्न व्होल्ट

“ताई, हा आरसा इथे कोणी टांगलाय?”

विक्रांत शिंदे जिन्याखाली उकिडवा बसून बॅटरीच्या मागे टॉर्च मारत होता. बॅटरीची काळी पेटी आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती आणि त्या फटीत सुतळीला बांधलेला एक गोल आरसा लोंबत होता. मी वाकून पाहिलं. बाबांचा दाढीचा आरसा. आई तो तीन आठवडे शोधत होती.

“बाबांचा आहे,” मी म्हणाले.

“म्हणजे काकाजी इथे येऊन दाढी करायचे काय?” त्याने हसतच मान वर केली. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. त्याचा हार कधीच सुकला होता, पण आईने तो काढू दिला नव्हता.

बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. दिवस झाले, नातेवाईक आपापल्या गावी गेले आणि घर रिकामं झाल्यावर मला तो आवाज ऐकू यायला लागला. रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास, ऊन डोक्यावर आलं की जिन्याखालून बीप, बीप, बीप. पाच-दहा मिनिटं वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं.

“हे तर ठंडीपासून सुरू आहे,” आई म्हणाली होती. “ह्यांना म्हटलं, बघा जरा. तर म्हणे, मी नाही आता हात लावणार, माझ्याकडून बिगडतं.”

मला ते वाक्य विचित्र वाटलं होतं, पण त्या दिवसांत सगळीच वाक्यं विचित्र वाटत होती. कंपनीला फोन केला की तक्रारीचा नंबर मिळायचा, माणूस यायचा नाही. शेवटी शेजारच्यांनी विक्रांतचं नाव सांगितलं. चाळिशीचा, मूळचा जुन्या इंदूरचा, आता इथेच, शहराबाहेर राऊला त्याचं इन्व्हर्टर आणि सोलर दुरुस्तीचं दुकान. घरात मराठी, दुकानात हिंदी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी.

त्याने मोबाइल फटीत घालून बॅटरीच्या पाठीमागच्या लेबलाचा फोटो काढला, तो मोठा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“लो! हे तर पंधराचं आहे.”

“काय पंधराचं?”

“पॅक, ताई. ह्या पेटीत आत छोटे छोटे सेल असतात, एकापुढे एक जोडलेले. कुणात सोळा, कुणात पंधरा. बाहेरून डिट्टो सेम. ह्यात पंधरा आहेत. आणि मशीनला, म्हणजे इन्व्हर्टरला, सांगून ठेवलंय सोळा; छप्पन्न पॉइंट आठ व्होल्टपर्यंत भर. आता सोळाजणांचं जेवण पंधराजणांना वाढलं तर काय होणार? पोट भरलं की हात आडवा करणार. दुपारी ऊन कडक झालं, व्होल्टेज वर गेलं की बॅटरी बिचारी स्वतःला बंद करून घेते. म्हणून बीप.” मग मान हलवून म्हणाला, “बॅटरी लावली कुणी? कागद आहेत?”

मला आठवलं. गेल्या मे महिन्यात छतावर सोलर बसवायच्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणाला होता, जी ठरली होती ती स्टॉकमध्ये नाही, दुसरी आणली आहे, एकदम सेम. मी फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. पुण्याहून.

आई आतून आली. तिच्या हातात कंपनीचे कागद नव्हते, बाबांचं रजिस्टर होतं. लाल कापडी पाठीचं, लांबट, कॉलेजच्या हजेरीला असतं तसं.

“कागद ह्यांनी कुठे ठेवले मला नाही ठाऊक. हे इथे स्टुलावरच असायचं. ह्यात बघ, बेटा. हे सगळं लिहून ठेवायचे.”

*

माझे वडील अच्युत किरकिरे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं बॅटरी रूममध्ये होते. लोकांना एक्स्चेंज म्हटलं की कानाला हेडफोन लावलेल्या बायका आठवतात. त्या बायकांच्या खालच्या मजल्यावर एक खोली असे, तिथे माणसाच्या कमरेइतक्या उंच बॅटऱ्यांच्या रांगा असत, आणि गावातली वीज गेली तरी गावातले फोन चालू राहत ते त्या रांगांमुळे. बाबा त्या रांगांमधून दिवसातून तीनदा फिरत. प्रत्येक रांगेतला एक सेल निवडलेला असे, त्याला पायलट सेल म्हणत. त्याचं रीडिंग घ्यायचं आणि त्यावरून बाकीच्यांची तब्येत ओळखायची. बाबांच्या सगळ्या शर्टांना ॲसिडची बारीक भोकं होती. शाळेत असताना मला त्यांची लाज वाटे.

एकदा, चौथीत असेन, मी त्यांच्या लॉगबुकातला एक आकडा खोडरबराने पुसायला गेले होते. माझ्या मते तो चार नीट निघाला नव्हता. बाबांनी माझा हात धरला. रागावले नाहीत. म्हणाले, “लॉगमध्ये पुसत नाहीत, अमू. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि शेजारी सही. चूक कुणी दुरुस्त केली, ते कळलं पाहिजे.”

पुढे मी पुण्याला एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनात संपादक झाले. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यात मी कधीच सही करत नाही.

*

विक्रांत स्टुलावर बसून रजिस्टर चाळत होता. तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर, तापमान, शेरा, सही. घरात एकच माणूस रीडिंग घेणारा, तरी प्रत्येक ओळीला सही.

“वा, भिया,” तो हळूच म्हणाला. “माझ्या दुकानात कुणी असं लिहीत नाही. ताई, हे ऐका. अठरा जून. ‘दुपारी १२.५० ला बॅटरी सुटली. ५६.८ जास्त होतंय का? पाठीमागचं लेबल पाहणे.’ एकोणीस जून. ‘आरशाने लेबल पाहिलं. १५ सेल.’” त्याने मान वर केली. “पाहा! काकाजींनी दुसऱ्याच दिवशी पकडलं होतं. आम्हाला मोबाइल लागतो, त्यांनी दाढीच्या आरशात उलटं वाचलं.”

“मग?” आईने विचारलं.

“मग हिशेब केलाय. हे बघा काकीजी, एका सेलला तीन पॉइंट सहा. पंधरा गुणिले तीन पॉइंट सहा, चोपन्न. एकदम करेक्ट. मीसुद्धा आता चोपन्नच लावणार होतो.” त्याने बोट पुढे सरकवलं. “आणि खाली काही तरी दुसरं लिहिलंय. ते मला नाही कळलं.”

मी रजिस्टर हातात घेतलं. बाबांचं अक्षर, उजवीकडे किंचित झुकलेलं.

‘३.६ × १५ = ५४.०. जुनं : २.२५ × २४ = ५४.०. एक्स्चेंजचा आणि हिचा आकडा एकच. गंमत. अमूला सांगणे.’

त्यांनी मला सांगितलं होतं. सांगायला सुरुवात तरी केली होती.

जूनमधला फोन मला आठवतो, कारण त्या दिवशी सहावीच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ जायचं होतं. फोन स्पीकरवर होता.

“अमू, तुझ्या बॅटरीला छप्पन्न पॉइंट आठ जास्त होतंय. चोपन्न पाहिजे.”

“बाबा, चोपन्न तुमच्या एक्स्चेंजचं.” मला हसू आलं होतं. लहानपणापासून हा आकडा आमच्या घरात ऐकलेला. “ही लिथियम आहे. हिचं सगळं वेगळं असतं.”

“हो हो, तिथलंही चोपन्नच होतं. तेच तर सांगतोय, ऐक ना—”

“बाबा, मला प्रूफ पाठवायचंय. रात्री बोलू या?”

“बरं बरं. काम कर.”

रात्री आम्ही बोललो नाही. त्याऐवजी मी कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, बुजुर्ग लोगों की पुरानी आदत रहती है, उनको बोलिए सेटिंग न छेड़ें, वॉरंटी चली जाएगी. आणि मग म्हणाला, आप तो ॲप से ही वापस कर सकती हैं ना, घर बैठे.

ॲप माझ्या फोनवर होतं, कारण सगळं माझ्या नावावर घेतलं होतं. तिकडे सेटिंग बदललं की मला लगेच सूचना येई. बाबांकडे बटणांचा साधा फोन. ॲपमध्ये मला नुसतं दिसतं, असं त्यांना वाटे. “पुण्यात बसून आमच्याकडचं ऊन बघते,” असं ते शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. पुण्यात बसून बदलताही येतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

“पण ताई, एक गोष्ट मला नाही समजली.” विक्रांतने माझ्या हातातल्या रजिस्टरची दोन पानं उलटली. “काकाजींनी चोपन्न लावलं. दुसऱ्या दिवशी लिहिलंय, ‘पुन्हा ५६.८ आढळलं. माझ्याकडून सेव्ह करायचं राहिलं असावं.’ परत लावलं. परत तेच. हे बघा, ‘माझ्याकडून राहिलं.’ हे, ‘माझ्याकडून राहिलं.’ पण ह्या मशीनमध्ये असं नसतं. एंटर दाबलं की बात खतम. लाइट गेली तरी तसंच राहतं.”

“ह्यांचं विसरणं सुरू झालं होतं रे,” आई म्हणाली. “शेवटी शेवटी.”

“नाही, काकीजी. विसरणारा माणूस असा लिहीत नाही.” त्याने पानावर बोट टेकवलं. “हे कुणीतरी ऑनलाइन करत होतं. ॲपवरून. कंपनीवालेच असणार, त्यांच्याकडे सगळ्यांचा कंट्रोल असतो. साले ऑफिसात बसून बटण दाबतात, आणि इथे म्हातारा माणूस रोज जिन्याखाली…”

“कंपनीवाले?” आईचा आवाज चढला. “मेल्यांनो, तळतळाट लागेल तुम्हाला. ह्या माणसाने खाणंपिणं सोडलं होतं रे त्यापायी!”

मी रजिस्टर मिटलं. ‘कंपनीवाले नाहीत’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी म्हणाले, “विक्रांत, चहा घेणार ना?”

*

त्याने चोपन्न लावलं, एंटर दाबलं, आणि मग दीडपर्यंत थांबला, खात्री करायला. ऊन कडक होतं. मशीनवरचा आकडा चढत चढत गेला, चोपन्नला टेकला आणि तिथेच राहिला. बीप झालं नाही. पैसे घेताना विक्रांत म्हणाला, “मी काय केलं, काकीजी? काकाजींचंच काम परत केलं.” जाताना त्याने फोटोला नमस्कार केला.

आई जेवून आडवी झाली. मी जिन्याखाली स्टुलावर बसले, मांडीवर रजिस्टर आणि हातात फोन. ॲपमध्ये जुन्या नोंदी राहतात. तारीख, वेळ, कोणी बदललं.

एकवीस जून. रजिस्टरमध्ये सकाळी दहा : ‘५४.० लावलं.’ फोनमध्ये दहा वाजून बावीस मिनिटांनी : पूर्ववत केलं, अमिता.

चोवीस जून. दहा. दहा एकेचाळीस, अमिता.

मी उलट्या बाजूने विचार करून पाहिला. मी हे का करत होते? वॉरंटीसाठी, बॅटरीसाठी. खरं सांगायचं तर मला ते सभ्यपणाचं वाटत होतं. तुमचं चुकतंय, तुमचं ज्ञान आता जुनं झालं, असं वडिलांना तोंडावर सांगण्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करून टाकावं. कुणाचा अपमान नाही, वाद नाही. तीन वेळा बोट टेकवायचं, झालं. बसमध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर मैत्रिणीच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापत असताना. कंटाळून ते एक दिवस नाद सोडतील, असं मला वाटत होतं.

ते कंटाळणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुसरीच गोष्ट केली. आपल्याकडून चूक कुठे होते आहे, ते ते शोधत राहिले.

जुलैत : ‘आज एंटर दोनदा दाबलं.’ ऑगस्टमध्ये : ‘चष्मा बदलून पाहिलं. आकडा बरोबर दिसतो. म्हणजे दोष डोळ्यांचा नाही.’ सप्टेंबरमध्ये : ‘आज दाबताना मोठ्याने म्हटलं. सरोजिनीने ऐकलं.’ सरोजिनी म्हणजे आई. तिने ते ऐकलं होतं, आणि मला फोनवर सांगितलं होतं, “तुझे बाबा हल्ली मशीनशी बोलतात गं.” आम्ही दोघी हसलो होतो.

मग दिवाळी.

दिवाळीला मी इंदूरला आले होते. पाडव्याच्या सकाळी अभ्यंग झाल्यावर बाबांनी मला जिन्याखाली बोलावलं. नवा सदरा, कानात अत्तराचा फाया.

“अमू, इथे उभी राहा. बघ हं. चोपन्न. आता एंटर. दाबलं ना मी?”

“हो बाबा, दाबलंत.”

“तू बघितलंस ना?”

“बघितलं.”

“बस्स.” त्यांनी रजिस्टरमध्ये काही तरी लिहिलं. मला वाटलं, एक्स्चेंजची सवय. तिथे मोठी बॅटरी बदलताना दोघांनी सही करायची असे. मला ते गोड वाटलं. मी त्यांचा फोटोही काढला, स्टुलावर बसून लिहिताना. तोच आता भिंतीवर आहे.

मी होते ते चार दिवस मी काही बदललं नाही. त्यांच्या देखत नको, म्हणून. पुण्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, ऑफिसमध्ये चहाची वाट पाहताना, मी फोन काढला.

रजिस्टरमधली ती नोंद पाडव्याची : ‘५४.० लावलं. अमूच्या समक्ष एंटर दाबलं.’ त्यानंतर सहा दिवस ‘५४.० ठीक.’ आणि मग :

‘पुन्हा ५६.८. अमू साक्षीला होती, म्हणजे दाबलं होतं हे नक्की. मग नंतर मीच बदललं असणार, आणि ते मला आठवत नाही.’

बाबांचं अक्षर कुठेही हललेलं नव्हतं. खाली सही.

*

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी स्वतःहून आईला सांगितलं की मला मेंदूच्या डॉक्टरकडे ने. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. बाबा त्र्याण्णव, शहाऐंशी करत थेट दोनपर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, अहो पुरे. सगळं व्यवस्थित आहे, वयाप्रमाणे. घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला.

“डॉक्टर म्हणतात ठीक आहे. पण डॉक्टरांनी मला अर्धा तास बघितलंय गं. माझ्याकडे पाच महिन्यांचं रीडिंग आहे.”

“कसलं रीडिंग, बाबा?”

“असंच.” मग, “अमू, माणूस विसरायला लागला की त्याला ते कळतं का? की आपण विसरतोय हेही तो विसरतो?”

मी त्यांना बरंच काही सांगितलं. मी वाचते पुष्कळ; म्हातारपण आणि विस्मरण यांवर मला चार चांगल्या गोष्टी बोलता येतात. विसरणं हीसुद्धा मनाची एक सोय असते, असं काही तरी मी म्हणाले. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “छान सांगतेस तू.”

चौतीस वर्षं त्यांनी माणसांच्या मतापेक्षा रीडिंगवर विश्वास ठेवला होता. आता रीडिंग त्यांच्या विरुद्ध होतं, म्हणून त्यांनी ते मान्य केलं. स्कूटरची चावी आईकडे दिली; रस्ता विसरलो तर, म्हणाले. कॉलनीच्या बोअरिंगची मोटर चालू-बंद करायचं काम दहा वर्षं त्यांच्याकडे होतं, ते दुसऱ्याला दिलं. दर हिवाळ्यात ते सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तिखट तुकडे, आणत, घरी येईपर्यंत गार झालेले, आणि आई दर वर्षी म्हणे की एवढ्या दुरून गारढोण काय आणायचे. गेल्या हिवाळ्यात आणले नाहीत. आईने मला हे सगळं फोनवर वेळोवेळी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, वय झालं, आई. आपण सांभाळून घेऊ.

पाच डिसेंबर : ‘५६.८. आहे तसं ठेवलं. आपण हात लावू नये.’

त्यानंतर रोज फक्त रीडिंग. दुपारचं बीप ते मुकाट्याने ऐकत असणार. दोष कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, आकडा माहीत होता, आणि ते बोट लावत नव्हते. फेब्रुवारीत एका दुपारी ते झोपेत गेले, हृदय थांबून. डॉक्टर म्हणाले, काहीच त्रास झाला नसेल. त्या दिवशी सकाळचंही रीडिंग आहे. दहा वाजता. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही. सही आहे.

*

साडेचारला आई उठली, तेव्हा मी बाबांचं पेन आणि पट्टी घेऊन बसले होते.

‘माझ्याकडून सेव्ह करायचं राहिलं असावं.’ एक सरळ रेघ. खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं : ‘अमिताने पुण्याहून बदललं.’ शेजारी सही. सगळ्या मिळून एकोणतीस नोंदी होत्या. दिवाळीनंतरच्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण तिथे एका ओळीत मावेना.

आई चहाचे दोन कप घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. तिला जवळचं नीट दिसत नाही.

“ह्यांच्या वहीत काय लिहितेस?”

“दुरुस्ती करते.”

“राहू दे ना गं आता. ह्यांचं आहे ते तसंच राहू दे.”

“आई, बस.”

ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. मी तिला सांगितलं. कंपनीने केलं नव्हतं, मी केलं होतं. कधीपासून, किती वेळा, कसं. ॲप उघडून तिच्यासमोर धरलं. तिने फोनकडे पाहिलं नाही. चहावर साय धरली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “हे चोपन्न लावायचे आणि तू तिकडून काढायचीस.”

“हो.”

“आणि ह्यांचं बरोबर होतं.”

“हो.”

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. आईने मान वळवली नाही.

“मी ह्यांच्या मागे जाऊन गॅसचं बटण बघायचे,” ती म्हणाली. “रोज. चहा केला की हे बाहेर यायचे आणि मी आत जायचे बघायला. ह्यांना कळायचं. एकदा म्हणाले, बंद केलंय गं, पण तू बघ, माझं काही खरं नाही.” तिने पदराने नाक पुसलं. “एकदासुद्धा चालू राहिलं नव्हतं, अमू. एकदासुद्धा नाही. मला तेव्हा हे सुचलं नाही.”

“तुझी काय चूक?”

“तू गप्प बस.” ती माझ्यावर ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, लहानपणी पाहुण्यांसमोर म्हणायची तशी. “थोडा वेळ गप्प बस.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग डबे सरकवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, ती रडत असेल, जावं की न जावं. मी पुढच्या नोंदीवर पट्टी ठेवली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्कूटरची चावी होती. निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीतली, एक्स्चेंजच्या जुन्या वायरची दोरी, बाबांनी स्वतः विणलेली. दाराशेजारी एक खिळा आहे. नोव्हेंबरपासून तो रिकामा होता. आईने चाचपून तो खिळा शोधला आणि चावी त्याला अडकवली.

मग जिन्याखाली आली, फटीतून आरसा काढला, पदराने पुसला आणि हातात धरून उभी राहिली.

“वही पुरी कर,” ती म्हणाली. “एकही नोंद सोडू नकोस. आणि सकाळी ती स्कूटर पुसून काढ. धूळ बसलीय तिच्यावर.”